द्वारकाबाईंची फुली

द्वारकाबाईंची नि माझी ओळख बसमध्ये झाली, आणि ओळख होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच त्यांनी मला माझ्या पाळीची तारीख विचारली.

सन दोन हजारचा जानेवारी. गाझियाबादच्या आमच्या मराठी मंडळाची बस दर वर्षीप्रमाणे पानिपतला, काला अंबच्या लढाईच्या स्मारकाला निघाली होती. धुकं इतकं की ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून रस्ता शोधत होता. पुरुषमंडळी पुढे बसून लढाईत नेमकं कुठे चुकलं यावर तावातावाने भांडत होती. आणि मागून एक ठेंगणी म्हातारी, नऊवारीवर मुलाचा जुना स्वेटर चढवलेली, हातात वही-पेन्सिल घेऊन एकेका सीटपाशी थांबत येत होती. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीच्या आत उरकायचं, त्यात जास्तीत जास्त बायका यायला हव्यात, म्हणून ती प्रत्येकीची तारीख लिहून घेत होती. मोठ्याने. भर बसमध्ये.

माझ्यापाशी आल्यावर म्हणाली, "वैशालीत दवाखाना काढलाय त्या डॉक्टरीणबाई ना तुम्ही? तुमची तारीख सांगा."

"आजी, मी बायकांची डॉक्टर आहे. मी असलं काही मानत नाही."

"मानू नका. तारीख सांगा."

मी सांगितली. का सांगितली हे मला आजही कळलेलं नाही, आणि त्याचा आजही राग येतो.

पुढे या बाई माझ्या पेशंट झाल्या आणि माझ्या रागाला कायमची सोय झाली. वय अडुसष्ट. नवरा केंद्र सरकारात कारकून होता, तो वारला तेव्हा लोदी कॉलनीतलं क्वार्टर सुटलं. आता धाकट्या मुलाकडे, गुलाबरावांकडे, वैशालीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. पन्नास वर्षं दिल्लीत काढून हिंदी फर्डी झालेली, मराठी मात्र अमरावतीची जशीच्या तशी. ब्लडप्रेशरची गोळी मी लिहून द्यायची आणि त्यांनी ती एकादशीला घ्यायची नाही, कारण गोळीत मैदा असतो असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. महिन्यातून दोनदा प्रेशर चढायचं, महिन्यातून दोनदा मी ओरडायची. "हां हां, बिल्कुल," असं म्हणून त्या शांतपणे पर्समधून पेढा काढून माझ्या टेबलावर ठेवायच्या. माणसाने भांडायचं तरी कुणाशी?

घरात त्यांची सत्ता एकाच गोष्टीवर होती, ती म्हणजे तारखांवर. फ्रिजशेजारी मराठी कॅलेंडर टांगलेलं असे. गाझियाबादेत ते मिळत नाही, म्हणून दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनात कुणी ना कुणी गाववाला उतरला की डिसेंबरात गुलाबराव तिथून घेऊन यायचे. त्या कॅलेंडरवर पेन्सिल चालायची ती फक्त द्वारकाबाईंची. गॅस कधी लावला, दूधवाला कधी आला नाही, नातवंडांच्या परीक्षा कधी, श्राद्ध कुणाचं, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. आणि महिन्यातून एकदा, लाल पेन्सिलीने, सुनेची फुली.

ही सून वैजयंती. बत्तीस वर्षांची, बी. एस्सी., इंग्रजी चांगलं, टायपिंगचा हात वाऱ्यासारखा. लग्नानंतर दहा वर्षं डबे भरण्यात गेली होती. मुलगी सुखदा नऊ वर्षांची, मुलगा नीरज सहाचा. त्या साली नोएडात एक नवाच धंदा फोफावला होता. अमेरिकेतले डॉक्टर तिकडे टेपवर बोलायचे आणि इकडच्या मुली ते ऐकून टाइप करायच्या. वैजयंतीला तिथे सप्टेंबरपासून नोकरी लागणार होती. दुपारी दोनला कंपनीची गाडी न्यायला येणार होती. मार्चपर्यंत नोकरी कच्ची, मग पक्की. कच्च्या काळात आजारपण, बाळंतपण, काहीही चालणार नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलेलं.

ऑगस्टमध्ये ती माझ्याकडे आली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, मला आता मूल नकोय. काही झालं तरी नकोय. मला ही नोकरी करायचीय."

आता हे सरळ वाटतं ना? पण सरळ गोष्ट सरळ होऊ द्यायची नाही असा जणू त्या घराने पणच केला होता. गोळ्या तिला चालत नव्हत्या. अर्धशिशी उठली की तिला अर्धं दिसेनासं व्हायचं, आणि असल्या बाईला त्या गोळ्या मीच देणार नव्हते. तांबी बसवली, तर पाच महिने अंगावरून इतकं गेलं की जुलैत मीच काढून टाकली. तिच्या ऑपरेशनला आधी गेलेलं रक्त भरून यायला हवं, तोवर नोकरी सुरू, आणि मग सुट्टी मार्चच्या आधी मिळणार नाही. राहता राहिले गुलाबराव. त्यांच्या ऑपरेशनचं मी नाव काढलं तसे ते दचकले. आणीबाणीत ते तेरा वर्षांचे होते, त्या दिवसांत दिल्लीत काय काय ऐकलं त्याची भीती अजून गेली नव्हती. ठीक आहे, मग निरोध? तर कोपऱ्यावरचा केमिस्ट त्यांच्या कारखान्यातल्या साहेबांचा मेहुणा. मी म्हटलं, अहो, दुसऱ्या कोपऱ्यावर जा! तर म्हणे तिकडे आईचं प्रेशरचं औषध मिळतं, तो तिला ओळखतो. गाझियाबादेत केमिस्ट किती असतील? या माणसाला एकही लागू पडेना.

म्हणून मोजणी. मी तेव्हाच स्पष्ट सांगितलं की हा सगळ्यात कच्चा उपाय आहे, अचूक मोजलं तरी कधी ना कधी दगा देतो. पण पाळी नियमित असेल आणि दोघं शिस्तीने वागणार असतील तर काहीच नसण्यापेक्षा बरा. मी त्यांना घरचं कॅलेंडर आणायला सांगितलं. गुलाबरावांनी ते गुंडाळी करून आणलं. मी सहा महिन्यांच्या लाल फुल्या पाहिल्या, मधले दिवस मोजले. कधी सव्वीस, कधी अठ्ठावीस, जास्तीत जास्त तीस. छान. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: पाळीचा पहिला दिवस धरून सातव्यापर्यंत मोकळीक, आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत बंदी, विसाव्यापासून पुन्हा मोकळीक.

आणि मग मला एक शहाणपण सुचलं. वैजयंतीला नोकरी, मुलं, डबे यांतून श्वास घ्यायला फुरसत उरणार नव्हती. मी गुलाबरावांना म्हटलं, "मोजायचं काम तुमचं. बायकांनीच सगळं का करायचं?" ते साहिबाबादच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते, केसाच्या जाडीएवढा फरक पकडणारे. एकदम खूश झाले. मीही खूश झाले. नवऱ्याला जबाबदार केल्याचं समाधान मी दोन-तीन मैत्रिणींना फोन करून सांगितलं, हेही लपवत नाही.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, दिवाळी झाली. द्वारकाबाई प्रेशर दाखवायला आल्या की सांगायच्या, "आमची वैजू अमेरिकेच्या डॉक्टरांची पत्रं लिहिते. तुमच्यासारखं गिचमिड नाही, एकदम साफ." पोळ्यांना बाई लावली होती. नातवंडांचा अभ्यास त्या स्वतः घ्यायच्या, आणि सून गाडीत बसेपर्यंत बाल्कनीत उभ्या राहायच्या. मला वाटलं, चला, एका घराचं तरी मार्गी लागलं.

बारा डिसेंबरला मंगळवारी सकाळी तिघं आली. वैजयंतीने पिशवीतून पट्टी काढून टेबलावर ठेवली. दोन रेघा. मी पुन्हा तपासलं, तेच. द्वारकाबाईंना बाहेर बाकावर बसवून मी दार लावलं.

वैजयंती रडत नव्हती. तिला राग आला होता. "मॅडम, मला हे नकोय. मी ऑगस्टमध्ये सांगितलं होतं, आजही तेच सांगतेय. तीन महिने राहिलेत पक्कं व्हायला."

मी गुलाबरावांकडे वळले. माझा आवाज तेव्हा बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार. "एवढं लिहून दिलं होतं! काय केलंत तुम्ही?"

"मी बिल्कुल काटेकोर मोजलंय मॅडम," ते कळवळून म्हणाले आणि त्यांनी खिशातून डायरी काढली. खरोखरच काटेकोर. हिरव्या शाईत मोकळे दिवस, लाल शाईत बंदीचे, प्रत्येक पानावर सही. "हे बघा ना. नऊ नोव्हेंबर, दिवस पहिला. पंधरापर्यंत मोकळीक. सोळापासून सत्तावीसपर्यंत बंदी. एक दिवस इकडे-तिकडे नाही."

वैजयंतीने मान वर केली. "नऊ? नऊ कसली? पाचला आली होती मला. रविवार होता. नीरजचा ताप होता त्या दिवशी."

"कॅलेंडरवर फुली नऊला आहे."

"फुली आई मारतात. चार दिवस झाले, मी डोक्यावरून पाणी घेतलं, देवाला हात लावायला मोकळी झाले, की मग मारतात."

मी कपाळाला हात लावला. त्या माणसाने दर महिन्याला चार दिवस उशिराने मोजायला सुरुवात केली होती. ज्या दिवसांना सगळ्यात जास्त जपायचं त्यांतले तीन-चार दिवस त्याच्या डायरीत हिरवे होते, आणि पाळीआधीचे निर्धोक दिवस लाल. कुठलीही कुचराई न करता, रोज सही करून, त्याने ही चूक चार महिने सांभाळली. पहिले तीन महिने निभावले हेच नशीब.

"तुम्हांला कळत नाही बायकोची पाळी कधी आली ते? एका घरात राहता ना?"

"आमच्याकडे बोलत नाहीत मॅडम असल्या गोष्टी. फुली दिसली की समजायचं."

"आणि तू गं?" मी वैजयंतीवर घसरले. "दिवसभर शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, असं अमेरिकेतल्या बायकांचं टाइप करतेस. घरच्या डायरीत एकदा डोकावली नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, मोजायचं काम यांचं," ती म्हणाली.

ते खरंच होतं. ते कॅलेंडर ऑगस्टमध्ये मी स्वतःच्या हातात धरलं होतं. फुली पहिल्या दिवशी मारा की पाचव्या, दोन फुल्यांमधलं अंतर तेवढंच येतं, त्यामुळे मला काही खटकलं नाही. पण ही लाल फुली कोण मारतं, कधी मारतं, कशासाठी मारतं, हे विचारायला दोन वाक्यं पुरली असती. आणि मी काही लंडनहून आलेली नव्हते. पुण्याला माझी आईही न्हाणं झाल्यावरच दिवस धरायची. मला हे सुचायलाच हवं होतं. इतरांवर ओरडण्याची माझी जी हौस आहे, ती त्या सकाळी अर्धी माझ्यावरच खर्च व्हायला हवी होती.

पण सवय वाईट. मी दार उघडून द्वारकाबाईंना आत बोलावलं आणि त्यांच्यावरही ओरडले. "आजी, पाळी पाचला आली तर फुली नऊला का?"

"मग कधी मारणार?" त्या मुळीच बिचकल्या नाहीत. "कॅलेंडरवर देवाच्या तिथी असतात. त्यावर विटाळाचे दिवस लिहितात का कुणी? बाई न्हायली की महिना सुरू. असंच असतं."

"नसतं तसं! अंगावर जायला लागलं तो पहिला दिवस. शरीराला तुमचं न्हाणं ठाऊक नाही. चार दिवस चुकले, म्हणून हिला दिवस गेले."

मला वाटलं, आता भांडतील. पर्स उघडून पेढा काढतील.  पण त्या खुर्चीच्या पाठीला धरून हळूच बसल्या आणि म्हणाल्या, "माळेचंही तसंच होतं काय?"

"कसली माळ?"

"लोदी कॉलनीत होतो तेव्हा. त्रेपन्न साल असेल. सरकारकडून बाया दारोदार यायच्या. एक मद्रासी होती, विजयालक्ष्मी नावाची. हिंदी मोडकंतोडकं, पण पोरगी गोड. मला तोवर तीन झाली होती, मी एकवीस वर्षांची. ती म्हणाली, और नहीं चाहिए तो ये लो. मण्यांची माळ होती, हिरवे मणी, लाल मणी. पाळी आली की पहिला मणी सरकवायचा, मग रोज एक. लाल मणी आला की नवऱ्यापासून लांब."

"मग?"

"मग काय! माळ देवघरात खुंटीला. त्या चार दिवसांत माळेला हात कसा लावणार? न्हायले की पाचव्या दिवसापासून सरकवायची. एक दिवस चुकवला नाही मी, डॉक्टरीणबाई. यांना हात लावू दिला नाही, शिव्या खाल्ल्या, पण लाल मणी पाळला."

 बाहेर सोसायटीचा जनरेटर सुरू झाला होता.

"कॉलनीत बायकांसाठी मॅट्रिकचा वर्ग निघाला होता. मी नाव घातलं. अकरा दिवस गेले वर्गाला. मग उलट्या सुरू झाल्या. त्या विजयालक्ष्मीला मी दारातून हाकलली. खोटारडी, म्हटलं. ती म्हणत राहिली, कुठे तरी चुकलं असेल, पुन्हा करून पाहा. मी पुन्हा केलं, दोनदा. मग माळ यमुनेत फेकून दिली. माळेनंतर मला चार झाली. एक राहिलं नाही, तीन जगली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत त्या बाईने मला पहिल्यांदाच काही तरी खरोखर विचारलं. "मग ती बाई खरं सांगत होती?"

"हो," मी म्हटलं.

"चार दिवस?"

"चार दिवस."

मला तेव्हा भयंकर संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. सत्तेचाळीस वर्षं या बाईने एका प्रामाणिक पोरीला खोटारडी म्हणण्यात घालवली आणि आपल्या हातून काय झालं हे तिला कळलंच नाही. माळ देणारीने तिला माळ कुठे ठेवतेस, कधी हातात घेतेस, हे विचारलं नाही. मीही विचारलं नाही. दोघी शिकलेल्या, दोघी तिच्या भल्यासाठीच आलेल्या.

मी टेबलाच्या खणातून गर्भपाताचा संमतीचा कागद काढला आणि गुलाबरावांपुढे सरकवला. या कामाला कायद्याने बाईची एकटीची सही पुरते, हे मला पाठ आहे. तरी पंधरा वर्षं मी आधी नवऱ्याची सही घेत आले होते, का, तर उद्या दवाखान्याच्या दारात तमाशा नको.

गुलाबरावांनी कागद उचलला, खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला. "मॅडम, मी काय म्हणतो, इतकी घाई कशाला? दोन-चार दिवस विचार करू. नोकरी काय, पुन्हा मिळते. आता चूक झालीच आहे, तर... मुलं काय, वाढतात आपोआप. आई आहेच घरी." आणि आईकडे बघून म्हणाले, "काय आई?"

वैजयंतीने डोळे मिटून घेतले. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, मी तोंड उघडणार इतक्यात द्वारकाबाईंनी कागद त्यांच्यापुढून ओढला.

"त्याच्यापुढे कशाला ठेवता?" त्या मला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पोट कुणाचं आहे?"

"आई, अगं..."

"थांब तू." त्यांनी गुलाबरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. "डॉक्टरीणबाई, हा माझा शेवटचा. माळेनंतरचा. मला तेव्हा कुणी विचारलं असतं ना, तर मी नको म्हटलं असतं. हा झाला नसता." गुलाबराव आईकडे बघतच राहिले. "माझा जीव आहे याच्यावर. याच्या घरात राहते, याच्या हातचं पाणी पिऊन मरेन. तरी मला विचारायला हवं होतं."

गुलाबरावांची मान खाली गेली. त्यांनी आईचा हात झटकला नाही, पण धरलाही नाही.

मी कागद वैजयंतीपुढे ठेवला. तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, घाई न करता, आणि सही केली. मग मला विचारलं, "शनिवारी होईल का? सोमवारी मला कामावर जायचंय."